खदानीवरचा पार्क आणि दादूकाकांचं गाऱ्हाणं

आधीच सांगून ठेवते, मी काही प्रगतीच्या आड येणारी बाई नाही. चाळीत पहिला गॅस मी घेतला, आणि तो भडकेल म्हणून ज्या बायका माझ्या दारावरून लांबून जायच्या, त्याच नंतर दूध तापवायला माझ्याकडे यायला लागल्या. पण कोणी थर्माकोलचा डोंगर आणून माझ्यासमोर मांडला आणि त्यात माझी खोली मला दिसली नाही, तर मी विचारणार. विचारलं म्हणून आगाऊ ठरले. ठरू दे.

आमची बैठी चाळ मुलुंडला, पार डोंगराच्या पायथ्याशी. शेजारी दगडाची जुनी खदान होती. ती बंद पडली, तिच्यात पाणी साचलं, आणि लोक त्याला तलाव म्हणायला लागले. खदान आणि चाळ यांच्यामध्ये मैदान. चाळीत बहुतेक आम्ही मालवण-कुडाळकडचे, एकेकाळचे गिरणीवाले. मागच्या ओळीत माझी नळावरची सोबतीण कमल आणि तिच्यासारखी नगर-सोलापूरकडची बौद्ध मंडळी. भांडणं व्हायची ती नळावर, आणि त्यात जात-गाव कोणी बघत नसे, जिची बादली पुढे तिच्यावर सगळ्या तुटून पडायच्या.

आमचे हे, म्हणजे जयवंत पेंडुरकर, लालबागला गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. ब्याऐंशीचा संप झाला आणि गिरणी गेली. तेव्हापासून एका औषधाच्या कारखान्याच्या गेटवर उभे. काम वाईट नव्हतं, पण ज्या माणसाने सोळाव्या वर्षापासून साचे चालवले त्याने दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याच्या पिशव्या बघायच्या, ही काय गंमत आहे का? घरातला पंखा चांगला चालत असला तरी हे सुट्टीच्या दिवशी तो उतरवून खोलून बसायचे. मी पदराने वारा घेत बसायची. पंखा पुन्हा लागायचा, हे खरं.

अशात एके रविवारी, खदानीची आणि चाळीची जागा विकत घेतलेले चंद्रप्रकाश शेठ आले. मैदानात कनात बांधली, टेबलावर थर्माकोलचा पार्क मांडला. आकाशपाळणा, तलावात होड्या, डोंगरातून जाणारी पोरांची आगगाडी, भुताचा बंगला. भुताच्या बंगल्याला पैसे देऊन माणसं कशाला येतील ते मला कळेना. पावसाळ्यात आमच्या सार्वजनिक संडासात कंदील घेऊन जाऊन दाखवा म्हणावं. पण अख्खी चाळ आ वासून उभी. शेठ मराठी चांगलं बोलायचे, माणूस गोड होता, प्रत्येकाला हात जोडायचा. परदेशात असंच असतं म्हणाले. आमच्यापैकी परदेशात कोणी गेलेलं नव्हतं, म्हणून सगळ्यांनी मान डोलावली.

मी पुढे गेले आणि विचारलं, ह्यात आमची चाळ कुठाय?

शेठनी सगळीकडे बोट फिरवलं आणि शेवटी एका छोट्या पांढऱ्या घरावर आणून ठेवलं. त्या घराच्या एका दारावर टोपीवाला पुरुष रंगवला होता, दुसऱ्यावर झगेवाली बाई. म्हणजे बघा, आमची खोली ओळीत पहिली, रस्त्याच्या कडेची. जिथे माझा देव्हारा, तिथे जेन्ट्स.

शेठ म्हणाले, ताई, काळजी नको, तुम्हा सगळ्यांना मागे पक्क्या खोल्या, घरात नळ. मी म्हटलं, पक्क्या खोल्या आधी की आमच्या मोडणार आधी? ते म्हणाले, सगळं होणार. मी म्हटलं, होणार ते कळलं, आधी काय होणार? ते पुन्हा म्हणाले, सगळं होणार ताई. मग हळूच कळलं की मधल्या काळात खदानीच्या पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये राहायचं. तात्पुरतं.

तात्पुरतं हा शब्द मला नका सांगू. माझी बहीण वनमाला घाटकोपरला तात्पुरत्या पत्र्यात गेली तेव्हा तिची पोरगी रांगत होती. त्या पोरीला आता स्थळं बघताहेत, आणि पाहुण्यांना चहा त्याच पत्र्यात देतात.

पण माझं ऐकतो कोण? शेठनी घरटी एक नोकरी कबूल केली होती. आमच्या ह्यांना विचारलं, तुम्ही काय करत होतात? हे म्हणाले, साचेखातं. शेठनी ह्यांचा हात हातात घेतला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, मग पाळणा तुम्हीच चालवायचा. झालं. त्या दिवसापासून नवरा माझा राहिला नाही. वांद्र्याची जत्रा आली तशी मला घेऊन गेले. वाटलं, बऱ्याच वर्षांनी बायकोला जत्रा दाखवतोय. कसलं काय, जत्रेतल्या आकाशपाळण्याच्या मोटारीपाशी जाऊन उभे राहिले आणि चालवणाऱ्याला ब्रेक कसा लावतोस, पट्टा कितीदा बदलतोस, विचारत बसले. मी आपली फुगेवाल्याच्या शेजारी. परत येताना बसमध्ये मला पट्ट्याबद्दल सगळं सांगितलं. संपानंतर हा माणूस एवढं सलग बोलला नव्हता, म्हणून मीही ऐकून घेतलं.

पार्क अजून बाजारातल्या तुरीच होता, पण पोट कोणाला नाही? चाळीतल्या पुरुषांना काम हवं होतं, आणि मलाही ते दिसत होतं. माझं म्हणणं एवढंच, पार्क करा नाहीतर पंढरपूर करा, पण नवी खोली हातात द्या आणि मग जुनीला हात लावा. बायकांना पटलं. चार पुरुषांनाही पटलं. शेवटी चाळीची सभा घ्यायची ठरली, शेठला एकमुखाने हे सांगायचं ठरलं, आणि अध्यक्ष म्हणून दादूकाकांना बसवलं. इथेच वाट लागली.

दादूकाका आमच्या चाळीतले सर्वांत वडील. गाऱ्हाणं घालायचं ते त्यांनीच. कुठल्याही कामाला हात घालण्याआधी आमच्याकडे नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. एक जण मागणं सांगतो, आणि जमलेली सगळी माणसं प्रत्येक ओळीला एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. हे आमच्या रक्तातच आहे. पोर बोलायला शिकतं तेव्हा आई-बाबाच्या पाठोपाठ हेच येतं. आणि एकदा देवासमोर व्हय म्हटलं की ते फिरवायचं नाही. फिरवणाऱ्याचं काय झालं, त्याच्या गोष्टी प्रत्येकाच्या गावात आहेत, आणि त्या ऐकून अंगावर काटा येतो.

दादूकाकांची अडचण अशी की त्यांना दुसऱ्या कुठल्या पद्धतीने चार माणसांत बोलताच येत नसे. उभे राहिले की सूर लागलाच. एकदा रॉकेल संपल्याचं त्यांनी असंच सांगितलं होतं, आणि आम्ही रॉकेल संपल्याला व्हय म्हाराजा म्हणालो होतो.

तर सभा भरली. कुठून कळलं कोण जाणे, चंद्रप्रकाश शेठही पेढ्यांचा बॉक्स घेऊन मागे येऊन उभे राहिले. दादूकाकांनी नारळ ठेवला, डोळे मिटले, गावच्या सगळ्या देवांना हाका मारल्या. मग म्हातारा, सभा कशासाठी आहे ते देवाला समजावून सांगायला लागला.

“बा देवा म्हाराजा, आज ह्या खदानीर मोठो पार्क होवचो आसा, असा म्हणतत...”

व्हय म्हाराजा.

“तेतूर आमच्या पोराबाळांका कामधंदो मिळांदे...”

व्हय म्हाराजा.

“आणि कोणी आडकाठी घातली असात, तर तेची बुद्धी फिरव रे म्हाराजा.”

व्हय म्हाराजा. अख्खी चाळ म्हणाली. आणि तुम्हाला काय सांगू, मीसुद्धा म्हणाले. चांगला खणखणीत आवाज काढून, माझीच बुद्धी फिरव म्हणून मी देवाला सांगितलं. तोंडातून गेल्यावर कळलं.

दादूकाका डोळे उघडून म्हणाले, आता चर्चा करा. कसली चर्चा? देवासमोर कबूल झालेलं, आता उलटं कोण बोलणार? माझ्या बाजूचे चार पुरुष पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसले. मागे शेठनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, काय एकी आहे ह्या लोकांची. त्यांनी पेढे वाटले, आणि भूमिपूजनाचा दिवस तिथल्या तिथे जाहीर केला.

दुसऱ्या दिवशी नळावर कमल हसून हसून बेजार. ती म्हणाली, आम्ही तर गप्प बसलो होतो बाई, आम्हाला चर्चेची वाट बघायची सवय. आमच्याकडे सभेत आधी बोलतात आणि मग हात वर करतात. तुमच्याकडे आधी होय म्हणतात आणि मग कशाला ते विचारतात. मला राग आला, पण खोटं काय होतं त्यात? माझी तर झोप उडाली होती. खदानीपलीकडे पत्रे ठोकल्याचा आवाज यायचा आणि प्रत्येक ठोका माझ्या छातीत बसायचा. मी तिला म्हटलं, आता काही इलाज नाही. कमलने बादली खाली ठेवली.

“इलाज कसा नाही? तुमच्या देवाला अर्धंच सांगितलंत. उरलेलं सांगा. तोंड एकदा होय म्हणालं, अजून एकदा म्हणेल.”

मी तशीच दादूकाकांकडे गेले. म्हातारा मनाने चांगला. त्याला आपली चूक कळली होती आणि ती मान्य करायची लाजही वाटत होती. भूमिपूजनालाही गाऱ्हाणं त्यांनीच घालायचं होतं, शेठनी खास सांगितलं होतं, लोकल परंपरा म्हणून. काका म्हणाले, शेवटाक खोल्यांचा घालतंय, तू भियां नको. ती ओळ मी त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतली.

घरात मात्र वेगळंच चाललं होतं. भूमिपूजन झालं की लगेच बुलडोझर लागणार आणि सुरुवात ओळीतल्या पहिल्या खोलीपासून, म्हणजे आमच्यापासून. ह्यांनी स्वतःच्या हाताने भांडी पोत्यात भरली, फडताळ दोरीने बांधलं, देव तेवढे मी बांधू दिले नाहीत. मी म्हटलं, गाऱ्हाण्यात खोल्यांचं आलं की काम थांबेल, कशाला सोडताय संसार? हे पोत्याची दोरी आवळत होते, मान वर केली नाही.

“चार वर्षांनी कोणीतरी मला मशीनवर बोलावलंय. तू नको आड येऊ, मालन.”

मी पोत्याचं दुसरं टोक धरलं. खोली गेली तर आम्ही रस्त्यावर, आणि पाळणा गेला तर हा माणूस जन्मभर गेटवर. मला खोली हवी होती. पाळणा नको असं मी कधीच म्हटलं नव्हतं, पण ते ह्यांना सांगायला गेले असते तर भांडण वाटलं असतं.

भूमिपूजनाला मंडप, लाउडस्पीकर, खुर्च्या. बुलडोझरला झेंडूचा हार घालून आमच्या भिंतीकडे तोंड करून उभा केलेला, शेजारी आमची पोती, आणि पोत्यांपाशी हे. दादूकाकांना शेठनी भगवा फेटा बांधला, हार घातला, आपल्या शेजारी मोठ्या खुर्चीत बसवलं. म्हातारा त्या खुर्चीत एवढा फुलला की मला तिथेच शंका आली. जन्मात पहिल्यांदा हातात माईक मिळालेला. शेठना कोणीतरी शिकवून ठेवलं होतं, त्यामुळे तेही दुसरा माईक धरून, डोळे मिटून, हात जोडून तयार.

काका सुरू झाले. बारा गावचे देव आले, खदान आली, तलाव आला, शेठचा वंश आला, शेठच्या भागीदारांचाही वंश आला. प्रत्येक ओळीला चाळ व्हय म्हाराजा म्हणतेय आणि सगळ्यांत मोठा आवाज शेठचा. माणसाला ते भलतंच आवडलं होतं. मी आपली खोल्यांची वाट बघतेय. आणि काका एकदम ‘चुकला माकला पोटात घाल’ ह्यावर आले. ती शेवटची ओळ. त्यानंतर नारळच. मी मान उंच करून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनीही मला बघितलं, आणि फेट्याचा शेमला नीट करायला लागले. खोल्या गिळल्या म्हाताऱ्याने.

नारळ वर गेला आणि मी उभी राहिले.

बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. कोणी मनाई केलेली नाही, पण घालत नाहीत. मी कधी घातलं नव्हतं. पण सूर लहानपणापासून कानात बसलेला, तो आपोआप आला.

“बा देवा म्हाराजा, नवी खोली हातात पडल्याशिवाय जुन्या खोलीच्या विटेक कोणी हात लावूचो नाय, असा कर रे म्हाराजा!”

बाईचा आवाज म्हणून चाळीची तोंडं उघडी ती उघडीच राहिली, त्यातून व्हय काही येईना. दादूकाकांचा नारळ हवेत. एक बाई फिसकन हसली. मला वाटलं, आता मेलेच, आता जन्मभर नळावर हेच ऐकायचं.

आणि मागून, बुलडोझरच्या बाजूने, एकाच माणसाचा आवाज आला. व्हय म्हाराजा. मी वळून बघितलं नाही. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर नवऱ्याचा आवाज ओळखायला मान कशाला वळवायला लागते?

एकाने म्हटल्यावर मग चाळीचं तोंड कुठे थांबतंय? सगळ्यांनी म्हटलं. आणि चंद्रप्रकाश शेठ, डोळे मिटलेलेच, ह्या सगळ्यांच्या वर, माईकमधून, पार स्टेशनपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, व्हय म्हाराजा. मागच्या ओळीतून कमल ओरडली, बरोबर आहे. दादूकाका दचकले, हातातला नारळ दगडावर आपटला आणि त्याची सरळ दोन शकलं झाली. याहून चांगला कौल नसतो.

शेठनी हसत हसत बुलडोझरवाल्याला हात केला. बुलडोझरवाला नंदू म्हणून होता, कुडाळचा पोरगा. तो खाली उतरला, मशीनच्या पायरीला हात लावून नमस्कार केला, आणि चावी खिशात टाकली. शेठना वाटलं काहीतरी विधी आहे, ते थांबले. मग विचारलं. नंदू म्हणाला, “शेठ, मीपण व्हय म्हटलंय. तुम्हीपण म्हटलंय. माझ्या घरात लहान पोरं आहेत, मी नाही चालवणार.”

शेठना अर्थ कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्यांनी दादूकाकांकडे बघितलं, आणि काकांनी अशी मान डोलावली की जणू सगळं त्यांनीच योजलं होतं. पुढच्या आठवड्यात दुसरा ड्रायव्हर आणला, तो निघाला सावंतवाडीचा. तिसरा आमच्याकडचा नव्हता, पण आधीचे दोघे का गेले ते त्याने विचारलं, आणि गोष्ट ऐकून आमच्याकडचा चहा पिऊन तोही गेला. शेवटी शेठनी हात टेकले आणि मागच्या बाजूला आमच्या नव्या खोल्यांचं काम काढलं. माणूस वाईट नव्हता, मी आजही म्हणते.

खोल्या गुडघ्याएवढ्या वर आल्या आणि थांबल्या. भागीदार भांडले म्हणे. आधी गवंडी यायचे बंद झाले, मग मुकादम, मग शेठ. त्या गुडघाभर भिंतींवर चाळीतल्या बायका गोधड्या वाळत घालायला लागल्या. पार्काचा बोर्ड वाऱ्याने पडला तो कोणीतरी न्हाणीघराला दार म्हणून लावला. खदानीच्या पलीकडच्या झोपड्यांतली माणसं मात्र पहिल्याच महिन्यात विश्वासाने पत्र्यात गेली होती. त्यांच्या झोपड्यांच्या जागी आता तारेचं कुंपण आहे, आणि ती माणसं अजून पत्र्यातच आहेत. मी त्यांच्याकडे बघते तेव्हा मला माझं खरं ठरलं म्हणून काही आनंद होत नाही.

चाळीत आता मला मान आहे. दादूकाका सांगतात, ती ओळ मीच तिला शिकवली. सांगू देत.

ह्यांनी पोती सोडली, भांडी फळीवर लावली, फडताळ होतं तिथे सरकवलं. पाळण्याचं नाव काढलं नाही. सकाळी डबा घेऊन कारखान्याच्या गेटवर, संध्याकाळी परत. मला ते शांत असलेले बघवेनात. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एका संध्याकाळी दारात बसलो होतो, मी तांदूळ निवडत होते. शेवटी मीच विचारलं, त्या दिवशी तुम्ही आधी का म्हणालात? कोणी म्हटलं नसतं तर माझं हसं झालं असतं आणि तुमचा पाळणा आला असता.

“तुझा आवाज कापत होता,” हे म्हणाले.

मी सुपात बघत राहिले. मैदानावर पोरं खेळत होती, अंधार पडत आला होता, खडे काही दिसत नव्हते. मग हे आपणहून बोलले.

“पाळणा आला असता ना, तर पहिल्यांदा तुलाच बसवणार होतो.”

मी म्हटलं, मला कशाला? मला साध्या झोपाळ्यावर चक्कर येते, तुम्हाला माहीत नाही का?

“माहीत आहे. म्हणून तर त्या जत्रेतल्या माणसाला विचारलं होतं, अगदी हळू फिरवायचा तर कसा.”